लॉगिन अडते, भाषा आपोआप बदलते: बेळगाव भागातील एका सहकारी संस्थेच्या सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला खानापूर तालुका येथील लाल मातीच्या माळावर रताळी आणि बटाटा ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. हा माल बेळगावच्या बाजारात येतो, आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातले शेतकरीसुद्धा राज्याची सीमा ओलांडून आपला माल याच बाजारात आणतात. या भागात शेतमाल विक्रीचे काम करणाऱ्या एका सहकारी संस्थेचे हे प्रकरण आहे. संस्था, तिचे पदाधिकारी आणि तिला सेवा देणारे कंत्राटदार यांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील मुद्दाम वगळले आहेत.

संस्था कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९५९ खाली नोंदलेली असल्याने तिचे अहवाल आणि सहकार खात्याशी होणारा पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो, तर बहुसंख्य सभासद मराठी बोलणारे आणि मराठीच वाचणारे आहेत. त्यामुळे संस्थेचे संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत होते. मुखपृष्ठावर भाषा निवडली की पुढची सर्व पाने त्या भाषेत दिसत. संकेतस्थळाची कामे मुख्यतः तीन होती: रोजची आवक आणि दर सर्वांना दाखवणे, सभासदाला लॉगिन करून आपली पट्टी पाहता व उतरवून घेता येणे, आणि कार्यालयातील क्लार्कला वजन, हमाली, तोलाई, अडत यांच्या नोंदी करता येणे. पट्टी म्हणजे मालाचा हिशेब. शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम तिच्यावरच ठरते, म्हणून या तीन कामांत सभासदांच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते.

सर्व्हर संस्थेच्या कार्यालयात नव्हता. एका होस्टिंग कंपनीकडून ४० जीबी डिस्क आणि २ जीबी मेमरी असलेले आभासी यंत्र, म्हणजे मोठ्या संगणकाचा एक स्वतंत्र वाटा, भाड्याने घेतलेले होते. त्यावर उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली, पाने पाठवणारा एनजिनएक्स, पाने तयार करणारी पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस अशी नेहमीची मांडणी होती. संकेतस्थळ ज्यांनी बांधले त्यांचा करार संपला होता आणि देखभाल दुसऱ्या एका स्थानिक कंत्राटदाराकडे होती. प्रस्तुत लेखक या कामात तपासणीसाठी, म्हणजे अडचण बरीच वाढल्यानंतर, सहभागी झाला. त्यापूर्वीचा वृत्तांत संस्थेच्या नोंदी, सर्व्हरवरील लॉग (सर्व्हर स्वतः टिपून ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदी) आणि संबंधितांशी झालेले बोलणे यांवरून मांडला आहे.

अडचण

पहिली तक्रार श्रावणात आली, आणि ती सर्व्हरविषयी आहे असे कोणालाही वाटले नाही. काही सभासदांनी सांगितले की मराठी निवडल्यावर पहिले पान मराठीत दिसते, पण पुढच्या पानावर गेले की मजकूर कन्नडमध्ये येतो. सीमाभागात अशी तक्रार केवळ पानापुरती राहत नाही. कोणाच्या तरी दबावामुळे संस्थेने मराठी काढून टाकली की काय, अशी चर्चा दोन-तीन गावांत सुरू झाली आणि काही सभासदांनी चेअरमनकडे लेखी विचारणा केली. संचालक मंडळाने आपल्या परीने ही बाब गंभीरपणे घेतली. संस्थेचे भाषाविषयक धोरण बदललेले नाही असा खुलासा फलकावर लावला, आणि अनुवादाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला सर्व पाने तपासायला सांगितली. अनुवाद जागच्या जागी होता. त्याने तसे कळवले आणि विषय तिथेच थांबला.

दुसरी तक्रार लॉगिनची होती. नाव आणि पासवर्ड बरोबर घातला तरी पुन्हा लॉगिनचेच पान येत असे. चूक झाली असा कोणताही संदेश दिसत नसे, त्यामुळे आपणच पासवर्ड विसरलो असा सभासदांचा समज होई. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी भागातून अशी तक्रार आली, तर पावसाळ्यात तिकडे मोबाइलला रेंज नीट नसते, त्यामुळे नेटचा दोष असेल, असे उत्तर दिले जाई. जवळच्या गावांतले लोक मात्र कार्यालयात येऊन उभे राहत आणि क्लार्क बाई त्यांना नवा पासवर्ड करून देत. त्यातल्या एका वयस्क सभासदाचे बोलणे सर्वांच्या लक्षात राहिले होते: "मॅडम, काल तुम्ही बदलून दिल्यासा त्यो पासवर्डबी घ्यायना झालाय बघा." बाईंनी त्यांच्यासमोर आपल्या संगणकावर खाते उघडून पट्टी दाखवली, छापून दिली आणि म्हणाल्या, "मामा, इथं तर दिसतंय की. तुमच्या फोनचंच काहीतरी असेल." त्या जे पाहत होत्या त्यावरून त्यांचे म्हणणे योग्यच होते. त्यांचे लॉगिन कधी अडत नव्हते, कारण त्या कार्यालयीन संगणकावर एकदा केलेल्या लॉगिनमधून कधी बाहेरच पडत (लॉगआउट करत) नसत. पुढे तपासात हाच धागा सर्वांत उपयोगी ठरला.

याखेरीज आणखी दोन गोष्टी बिघडल्या होत्या. मालाचे फोटो चढवताना ५०० क्रमांकाची, म्हणजे सर्व्हरच्या आत काही बिघडल्याची, त्रुटी येत होती, आणि महिन्याचा एकत्रित गोषवारा मधूनमधून अर्ध्यावर थांबत होता. रोजचे दर मात्र व्यवस्थित दिसत होते आणि नव्या नोंदीही होत होत्या. त्यामुळे संकेतस्थळ बंद पडले आहे असे कोणीच म्हणत नव्हते. कधी चालते, कधी चालत नाही, एवढेच सांगितले जाई.

भाषेची तक्रार संचालक मंडळाकडे, लॉगिनची क्लार्ककडे, फोटोंची गोदामातल्या माणसाकडे आणि गोषवाऱ्याची हिशेबनिसाकडे गेली. या चौघांनी आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम केले, परंतु चारही तक्रारी एका कागदावर कधी आल्या नाहीत.

आधी केलेले उपाय

कंत्राटदाराने प्रथम सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सर्व काही सुरळीत झाले. अर्ध्या दिवसाने पुन्हा तीच अवस्था आली, तेव्हा पुन्हा रीस्टार्ट केला आणि पुन्हा चालले. हळूहळू सकाळी रीस्टार्ट करणे हाच रिवाज झाला. प्रत्येक वेळी गुण येत असल्याने उपाय बरोबर आहे आणि यंत्र कमी पडते आहे, असा निष्कर्ष निघाला. गुण का येतो, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

लॉगमध्ये दोष नोंदवला जात होता. पीएचपीच्या त्रुटींच्या फाइलीत सेशन (पाहुण्याची सर्व्हरवरील तात्पुरती नोंद) सुरू होताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस (२८)" ही ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. कंत्राटदाराने ती पाहिलीही होती. त्याने 'डीएफ -एच' ही कमांड चालवून डिस्क तपासली, तर निम्मी डिस्कही भरलेली नव्हती. संदेश जागा नाही म्हणतो आणि डिस्क जागा आहे म्हणते, अशा पेचात त्याने डिस्कवर विश्वास ठेवला आणि संदेश जुना किंवा चुकीचा असावा असे मानले.

तरीही खबरदारी म्हणून त्याने काही जागा मोकळी केली, आणि त्यासाठी जे पुसले ते डेटाबेसचे जुने बॅकअप होते. काही जीबी मोकळे झाले, अडचण तसूभरही हलली नाही, आणि ज्या काळात संस्थेला बॅकअपची सर्वाधिक गरज पडू शकली असती त्याच काळात तिच्याजवळ केवळ अलीकडच्या थोड्या प्रती उरल्या. या संपूर्ण प्रकरणात जोखमीचे म्हणावे असे पाऊल हेच होते.

तपास

नवरात्र तोंडावर आले. उपवासामुळे या दिवसांत रताळ्यांची मागणी वाढते, आवक वाढते आणि आपली पट्टी पाहणाऱ्यांची गर्दीही वाढते. रीस्टार्टचा परिणाम आता दोन-तीन तासही टिकेना. संस्थेने मोठे यंत्र घेण्याचा प्रस्ताव मागवला आणि त्याआधी एकदा त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यायचे ठरवले.

तपासणीत सर्व्हरला हात लावण्यापूर्वी सचिव, क्लार्क, हिशेबनीस आणि गोदामातील कर्मचारी यांना एकत्र बसवून काय चालते आणि काय चालत नाही, याची दोन रकान्यांत यादी केली. चालत होते ते असे: दरांचे पान, आधीच लॉगिन असलेल्यांची सर्व कामे, आणि वजन-अडतीच्या नव्या नोंदी. अडत होते ते असे: नवे लॉगिन, फोटो चढवणे, मोठा गोषवारा, आणि भाषेची निवड पुढच्या पानापर्यंत टिकणे. भाषेचा मुद्दा यादीत घ्यावा की नाही याविषयी सचिव साशंक होते, कारण त्यांच्या दृष्टीने तो विषय खुलासा देऊन मिटला होता. तरीही तो घेतला, आणि तो घेतल्यामुळेच रकान्याचा अर्थ लागला.

या संकेतस्थळावर निवडलेली भाषा सेशनमध्ये साठवली जात होती. सेशन म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी सर्व्हरवर तयार होणारी एक छोटी फाइल. लॉगिनच्या वेळीही नवी सेशन फाइल तयार होते. फोटो चढवताना तो आधी तात्पुरत्या फाइलीत उतरतो, आणि मोठ्या गोषवाऱ्यासाठी डेटाबेस डिस्कवर तात्पुरता तक्ता बनवतो. म्हणजे जे काही अडत होते त्या प्रत्येकाला एक नवी फाइल तयार करावी लागत होती. उलट, जे चालत होते ते आधीच्या फाइलींत लिहीत होते. डेटाबेसचे तक्ते आधीपासून होते, क्लार्क बाईंची सेशन फाइल आधीपासून होती, आणि लॉगची फाइलही आधीपासून असल्यानेच त्रुटीच्या ओळी तिच्यात बिनतक्रार जमा होत होत्या. सेशन तयार न झाल्यास संकेतस्थळ मूळ भाषेवर जाई, आणि बांधणाऱ्याने मूळ भाषा कन्नड ठेवलेली होती. सभासदांच्या मनात दीड-दोन महिने घर करून राहिलेल्या शंकेचे कारण एवढेच होते.

पडताळणीसाठी सर्व्हरवर एक रिकामी, शून्य बाइटची फाइल तयार करून पाहिली. ती तयार झाली नाही. तोच संदेश आला, तोच २८ क्रमांक. डिस्कवर २० जीबीहून अधिक जागा मोकळी असताना शून्य बाइटची फाइल मावत नाही, याचा अर्थ अडचण जागेची नसून फाइलींच्या संख्येची आहे. फाइलींच्या नोंदींसाठी असलेल्या जागांचा वापर दाखवणारी 'डीएफ -आय' ही कमांड चालवली तेव्हा वापर १०० टक्के दिसला.

ज्यांना हा भाग अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत प्रत्येक फाइलीसाठी एक आयनोड लागतो. फाइलीची मालकी, वेळ, आकार आणि तिचा मजकूर डिस्कवर कोठे आहे, ही माहिती त्यात असते. आयनोडांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक आयनोड धरला जातो, म्हणून ४० जीबीच्या डिस्कवर साधारण २६ लाख आयनोड असतात. वखारीत पोती ठेवायला जागा असावी पण आवक नोंदवायच्या वहीची पाने संपावीत, तशी ही स्थिती आहे. वही संपली की रिकामे पोतेही आत घेता येत नाही. प्रणाली दोन्ही प्रसंगी एकच त्रुटी क्रमांक देते, आणि कंत्राटदाराची फसगत इथेच झाली. संदेश पहिल्या दिवसापासून खरा होता.

२६ लाख फाइली कोठे आहेत हे शोधण्यासाठी 'डीयू' या कमांडचा आयनोड मोजण्याचा पर्याय वापरला. काही मिनिटांत सेशनचा एक फोल्डर पुढे आला. त्यात यादी पाहण्यासाठी 'एलएस' चालवली तर पडदा नुसताच थबकून राहिला, कारण लाखो नावे गोळा करून त्यांची क्रमवारी लावण्यातच ती अडकली. त्यातील काही फाइली उघडून पाहिल्या तर बहुतेकांत एकच गोष्ट होती: भाषेची निवड, इतकी लहान की एका ओळीत मावावी. अशा प्रत्येक फाइलीने डिस्कवर ४ केबीचा एक तुकडा आणि एक आयनोड अडवला होता. म्हणूनच इतक्या फाइलींनी मिळून जागा फक्त १० जीबीच्या आसपास खाल्ली होती, आणि आयनोड मात्र संपवले होते.

या फाइली साफ का होत नव्हत्या? उबुंटू आणि ती ज्यावर बेतलेली आहे ती डेबियन या दोन्ही प्रणालींत पीएचपीची स्वतःची साफसफाई बंद ठेवलेली असते आणि त्याऐवजी दर अर्ध्या तासाने चालणारी एक वेगळी व्यवस्था जुन्या सेशन फाइली काढते. ही व्यवस्था सेशनचा फोल्डर कोणता हे पीएचपीच्या मुख्य मांडणी-फाइलीतून वाचते. सुमारे वर्षभरापूर्वी याच यंत्रावर दुसरे एक संकेतस्थळ बसवताना दोहोंची सेशन एकमेकांत मिसळू नयेत म्हणून संस्थेचा सेशन फोल्डर वेगळा केला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण तो बदल पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) त्या संकेतस्थळापुरत्या मांडणीत केला होता, जिकडे साफसफाईची व्यवस्था पाहतच नाही. त्या दिवसापासून त्या फोल्डरचा कोणीच वाली उरला नाही.

दुसरे कारण मूळ बांधणीत होते. भाषा सेशनमध्ये ठेवल्यामुळे प्रत्येक पानावर सेशन सुरू करावे लागे. शोधयंत्रांचे आणि इतर स्वयंचलित फेरे मारणारे प्रोग्राम कुकी (सर्व्हरने ओळखीसाठी दिलेली खूण) सहसा जपून ठेवत नाहीत, त्यामुळे ते जितकी पाने उघडतील तितक्या नव्या फाइली तयार होतात. दिवसाला सहा-सात हजार फाइली साचल्या तरी वर्षात हा आकडा गाठला जातो.

रीस्टार्टने गुण का येत होता, हेही आता उलगडले. पट्टीची पीडीएफ बनवणारा प्रोग्राम तात्पुरत्या फोल्डरमध्ये काही हजार फाइली सोडून जात असे. यंत्र पुन्हा सुरू होताना उबुंटू तो फोल्डर रिकामा करते, तेवढे आयनोड मोकळे होतात आणि ते भरेपर्यंत संकेतस्थळ चालते. हंगामात गर्दी वाढली तसा हा अवधी कमी होत गेला.

पर्यायांचा विचार

मोठे यंत्र घेण्याचा प्रस्ताव तयार होता आणि त्याच्या बाजूने एक बळकट मुद्दाही होता. डिस्क वाढवून फाइलप्रणाली विस्तारली की त्या प्रमाणात आयनोडही वाढतात. म्हणजे हा उपाय त्याच रात्री लागू पडला असता आणि सर्वांना तो यशस्वी वाटला असता. डिस्क दुप्पट केली असती तर साधारण आणखी एक वर्ष निघाले असते, आणि मग हीच अडचण, बहुधा पुन्हा एखाद्या हंगामात, दुप्पट फाइलींसह समोर आली असती. हंगामाच्या ऐन तोंडावर असलेल्या संस्थेला एक वर्षाची उसंत ही लहान गोष्ट नव्हती, आणि हा पर्याय नाकारताना संचालकांना बराच विचार करावा लागला. शेवटी असे ठरले की कारण सापडले नसते तर तो स्वीकारावाच लागला असता, परंतु आता कारण हाती असताना दरमहा वाढीव भाडे भरण्याचे प्रयोजन नाही.

बॅकअपवरून नव्या यंत्रावर संकेतस्थळ उभे करण्याचा पर्याय लवकरच मागे पडला, कारण प्रोग्राम तोच राहणार होता आणि जुने बॅकअप पुसले गेल्याने विसंबावे असे फारसे काही हाती नव्हते. सेशन डिस्कऐवजी मेमरीत ठेवण्याचाही विचार झाला. २ जीबी मेमरीत डेटाबेसच्या शेजारी आणखी एक सेवा चालवायची आणि तिची निगा राखायला कार्यालयात कोणी नसावे, हे या संस्थेला परवडणारे नव्हते.

राहिला तो सरळ मार्ग: जुन्या सेशन फाइली काढणे आणि त्या पुन्हा साचणार नाहीत अशी दुरुस्ती करणे. यात खरा प्रश्न होता तो कधी आणि कशा काढायच्या. फोल्डर सरसकट रिकामा केला असता तर काम सर्वांत लवकर झाले असते, पण त्याबरोबर त्या क्षणी लॉगिन असलेल्या सर्वांची सत्रे तुटली असती, कार्यालयाचीसुद्धा. दिवसा लिलाव चालू असताना वजनांच्या नोंदी मध्येच अडणे संस्थेला मान्य नव्हते. म्हणून एक दिवसाहून जुन्या फाइलीच काढायच्या आणि त्या रात्री काढायच्या, असे ठरले. यात वेळ जास्त जाणार होता, आणि तो दिला.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवरून संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेवली. ही प्रतिमा यंत्राच्या बाहेर साठवली जात असल्याने तिला आतल्या आयनोडांची गरज नव्हती. डेटाबेसची एक प्रतही थेट दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतली. लॉगच्या फाइली तशाच बाहेर नेल्या. सचिवांनी सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आणि बाजारातील फलकावर मराठी व कन्नड दोन्हीत कळवले की रात्री काम चालू राहील आणि पट्टी कार्यालयातून छापून मिळेल.

फाइली काढण्यासाठी साधी पुसण्याची कमांड चालत नाही. नावांची यादी इतकी लांब होते की "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" असे उत्तर येते. म्हणून 'फाइंड' कमांडने वयाची अट घालून, कमी प्राधान्याने, फाइली काढत नेल्या. पहिली काही हजार नावे गेल्याबरोबर लॉगिन सुरू झाले. तिथेच थांबण्याचा मोह होण्यासारखा होता, कारण बाहेरून पाहता अडचण संपलेली दिसत होती. परंतु काम तसेच चालू ठेवले आणि रात्रीचा बराच भाग ते चालले. ईएक्सटी४मध्ये फाइली गेल्या तरी त्यांच्या नावांनी फुगलेला फोल्डर आपोआप लहान होत नाही, म्हणून शेवटी नवा फोल्डर करून, चालू असलेल्या थोड्या फाइली त्यात हलवून, जुना काढून टाकला.

कायमची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने केली. दुसरे संकेतस्थळ दरम्यान अन्यत्र गेलेले असल्याने वेगळ्या सेशन फोल्डरची गरज उरली नव्हती, म्हणून तो बदल मागे घेतला आणि सेशन पुन्हा साफसफाईच्या मूळ व्यवस्थेखाली आणले. भाषा सेशनमधून काढून पानाच्या पत्त्यातच ठेवली, त्यामुळे मराठी पानाचा दुवा कोणी कोणाला पाठवला तर तो मराठीतच उघडतो. सेशन आता फक्त लॉगिनच्या वेळी सुरू होते. पीडीएफच्या तात्पुरत्या फाइली काम संपताच पुसल्या जातील अशी दुरुस्ती केली. डिस्कबरोबर आयनोडांचा वापरही रोज मोजून ८० टक्क्यांवर गेल्यास सचिवांना आणि कंत्राटदाराला संदेश जाईल, अशी सोय केली.

क्लार्ककडून बदलून दिलेल्या पासवर्डांचे काम बाजूला राहून गेले असते, पण बाईंनीच त्याची आठवण करून दिली. गर्दीत पटकन लक्षात राहावेत म्हणून ते सोपे ठेवले होते आणि खिडकीवर तोंडी सांगितले होते. अशा सर्व खात्यांना पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड ठेवणे बंधनकारक केले.

परिणाम

सकाळपर्यंत आयनोडांचा वापर १० टक्क्यांच्या खाली आला. नवरात्रातील आवक त्याच जुन्या यंत्रावर, रीस्टार्ट न करता, पार पडली. मोठ्या यंत्राचा प्रस्ताव मंडळाने मागे घेतला. भाषेच्या बाबतीत सचिवांनी दुसरा खुलासा काढला. त्यात काय बिघडले होते, मराठी निवडूनही कन्नड पान का येत होते आणि आता काय बदलले आहे, हे साध्या शब्दांत लिहिले होते. पहिल्या खुलाशात धोरण बदललेले नाही एवढेच म्हटले होते आणि त्याने शंका मिटली नव्हती. दुसऱ्यानंतर लेखी विचारणा करणाऱ्या सभासदांपैकी बहुतेकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

काय वेगळे करता आले असते

माझ्या मते निर्णायक क्षण लॉग वाचण्याचा नव्हता, भाषेच्या तक्रारीचा होता. ती सर्वांत आधी आली होती आणि तिच्यात दोषाचे स्वरूप स्पष्ट दिसत होते: पहिले पान बरोबर, दुसरे चुकीचे, म्हणजे निवड लक्षात ठेवली जात नाही. इथल्या वातावरणात तिच्याकडे धोरणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक होते आणि त्याबद्दल मंडळाला दोष देता येणार नाही. परंतु खुलासा लिहिण्यापूर्वी कोणी एकाने तक्रारदाराच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवर, मराठी निवडून पुढचे पान उघडून पाहिले असते, तर अनुवाद तपासण्याऐवजी सर्व्हर तपासला गेला असता. तेव्हा आयनोड नुकतेच काठावर आले होते.

कंत्राटदाराच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. त्याने लॉग वाचला आणि त्याची शहानिशाही केली. तो चुकला तो एका पायरीने: दोन गोष्टी परस्परविरोधी दिसल्यावर त्याने त्यातली एक खोटी ठरवली. दोन्ही खऱ्या असतील तर काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असता तर एक रिकामी फाइल करून पाहण्याचे त्याला सुचले असते. बॅकअप पुसणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळायला हवे होते. अडचणीचे कारण माहीत नसताना जागा करायचीच असेल, तर पुन्हा मिळू शकणाऱ्या किंवा कमी महत्त्वाच्या वस्तू, जसे उतरवलेली जुनी पॅकेजे किंवा आकार लहान करून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले जुने लॉग, आधी काढावेत, आणि तेही त्यांची प्रत बाहेर ठेवून.

रोजच्या रीस्टार्टविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हंगामात संस्थेला तो आधार होता आणि तो सरसकट चूक होता असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक रीस्टार्टपूर्वी डिस्क, आयनोड, मेमरी आणि लॉगच्या शेवटच्या ओळी एका फाइलीत टिपून बाहेर पाठवल्या असत्या, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच १०० टक्क्यांचा आकडा नजरेस आला असता. रीस्टार्टनंतर काही हजार आयनोड मोकळे होऊन सर्व सुरळीत दिसे, आणि कंत्राटदार नेमके त्याच वेळी सर्व्हर तपासत असे.

सेशन फोल्डर बदलल्याची नोंद कोठेही नव्हती. तो बदल ज्यांनी केला त्यांना तो आठवतही नव्हता. संस्थेने आता सर्व्हरवरील प्रत्येक बदलासाठी एक वही ठेवली आहे, आणि सर्व विभागांच्या तक्रारी आठवड्यातून एकदा एकत्र पाहण्याचे काम क्लार्क बाईंकडे दिले आहे. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा ठराव मंजूर होऊन तशी व्यवस्था सुरू झाली. त्या बॅकअपवरून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहण्याची चाचणी मात्र अद्याप झालेली नाही. ती पुढच्या हंगामापूर्वी घ्यावी, असे संस्थेला लेखी कळवले आहे.